‘हो’ म्हणण्याआधीचे वर्ष

चर्चमधून मिळालेला तो कागद आमच्या जेवणाच्या टेबलावर तीन दिवस पडून होता. साधाच, झेरॉक्स काढलेला अर्धा कागद. मुलीचे नाव, आईवडिलांची नावे, स्नानसंस्काराची तारीख, धर्ममातेचे नाव, असे रकाने. ते सगळे माझ्या पत्नीने आपल्या वळणदार अक्षरात भरून टाकले होते. खाली चार रेघा होत्या आणि त्यांच्यावर एक प्रश्न छापला होता : ‘मला दृढीकरण संस्कार का घ्यावासा वाटतो?’ त्या चार रेघा मुलीने स्वतः भरायच्या होत्या. त्या कोऱ्याच होत्या.

चौथ्या दिवशी रात्री जेवणे आटोपल्यावर मी तिला आठवण केली. ती नववीत, पंधरावे नुकतेच लागलेले. कागदाकडे न बघताच तिने विचारले, ‘‘पप्पा, खरं लिहू, की सगळे लिहितात तसं लिहू?’’

‘‘सगळे काय लिहितात?’’

‘‘येशूच्या अधिक जवळ जाण्यासाठी. पवित्र आत्म्याची कृपादानं मिळण्यासाठी. वर्गात फळ्यावरच लिहून दिलंय.’’

‘‘आणि खरं काय आहे?’’

‘‘खरं म्हणजे मला माहीत नाही. सगळ्यांचा संस्कार होतोय म्हणून माझा होतोय. एवढंच खरं आहे.’’

माझी आई पलीकडे आपल्या खुर्चीत हातात माळ घेऊन बसली होती. तिचे ओठ हलायचे थांबले, हे मला बाजूने दिसले.

वसईबाहेरच्या वाचकांसाठी थोडा खुलासा करायला हवा. आम्हा कॅथलिकांचे एकूण सात संस्कार. पहिला स्नानसंस्कार, तो बहुधा मूल काही आठवड्यांचे असतानाच होतो. बाळाला विचारायचे प्रश्न असतात, पण बाळ काय उत्तर देणार? मग आईवडील आणि धर्ममाता-धर्मपिता त्याच्या वतीने उत्तरे देतात. सैतानाचा त्याग करता का, देवपित्यावर, येशू ख्रिस्तावर, पवित्र आत्म्यावर श्रद्धा ठेवता का, असे ते प्रश्न असतात. पुढे मूल मोठे झाले की बिशप येतात, त्याच्या कपाळावर पवित्र तेलाने क्रूसाची खूण करतात आणि पवित्र आत्म्याचे दान देतात. ते दृढीकरण. त्या विधीत तेच जुने प्रश्न पुन्हा विचारले जातात आणि या वेळी उत्तर ज्याचे त्याने द्यायचे असते. थोडक्यात, दुसऱ्यांनी आपल्या नावावर काढलेल्या खात्यावर आपण पहिल्यांदा सही करतो.

निदान पुस्तकात तरी असे आहे. प्रत्यक्षात आमच्याकडे त्याचा मोठा सोहळा झाला आहे. हॉल, केटरर, फोटोवाला, मुलींना सारख्या रंगाचे पोशाख. आणि त्यानंतर मुले चर्चमधून जी गायब होतात ती थेट लग्नाच्या नोंदणीला उगवतात. धर्मगुरूंमध्ये यावर एक जुना विनोद सांगतात. एका चर्चच्या मनोऱ्यात कबुतरांनी घाण करून ठेवली होती, काही केल्या जाईनात. शेवटी एका फादरनी उपाय सांगितला : त्यांना दृढीकरण द्या, पुन्हा फिरकणार नाहीत! फादर लोक हा विनोद हसत हसत सांगतात, पण सांगून झाल्यावर फारसे हसत नाहीत.

आमच्या घरात त्या रात्रीपासून हसण्यासारखे काही राहिले नाही. आईचे म्हणणे सरळ होते. तिच्या चुलत बहिणीचा होतोय, शेजारच्या दोघींचा होतोय, मग हिचाच का नाही? लोक काय म्हणतील? ‘‘अरे, पोरीला शाळेत घालताना तिला विचारलं होतंस का? लस टोचताना विचारलं होतंस का?’’ या प्रश्नाला माझ्याजवळ तयार उत्तर नव्हते. पत्नीला वाटत होते की हे वयाचे खूळ आहे, आठ दिवसांत जाईल. आणि मी? खरे सांगायचे तर मला राग आला होता. पोरीचा नव्हे. तिने जे पंधराव्या वर्षी विचारले, ते मी तिशी उलटेपर्यंत विचारले नव्हते, याचा.

माझे दृढीकरण झाले तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. शंभरेक पोरे रांगेत उभी. बिशप पुढे सरकत होते आणि माझे सारे लक्ष नव्या बुटांनी चावलेल्या टाचेकडे होते. मी ‘हो’ म्हटले असणारच, कारण सगळ्यांनी म्हटले. पण ते माझे मला आठवत नाही. आईच्या लहानपणी या विधीत बिशप गालावर हलकीशी चापट मारीत, ख्रिस्तासाठी सोसायला तयार राहा याची ती खूण. १९७१ साली विधीची सुधारणा झाली त्यात ती चापट गेली. आईला ती अजून आठवते. मला मात्र बूट आठवतात.

नोकरीला लागलो आणि रविवार हा झोपेचा वार झाला. वसई रोडहून पहाटेची लोकल पकडून सहा दिवस मुंबईला जाणाऱ्या माणसाला सातव्या दिवशी घंटा ऐकू येत नाही, असे मी स्वतःला सांगत असे. नाताळ, ईस्टर, लग्ने आणि मयती एवढ्यांना जात होतो. देवाशी माझे भांडण नव्हते. भांडण असते तर बरे झाले असते. भांडण हेसुद्धा एक नाते असते. अशी अकरा वर्षे गेली.

मग धाकट्या बहिणीच्या मुलाचा धर्मपिता व्हायला मला सांगितले. धर्मपित्याला सोळा वर्षे पुरी असावीत, त्याचे दृढीकरण झालेले असावे, तो श्रद्धेला शोभेल असे जीवन जगणारा असावा, असा नियम आहे. कागदावर मी पात्र होतो; तिसरी अट कुणी तपासत नाही. मी नवा शर्ट घालून पाण्याच्या कुंडाशी उभा राहिलो. फादरनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. मराठीत, आणि माझ्याकडे बघत. श्रद्धा ठेवता का? बहीण, मेव्हणा मोठ्याने उत्तरे देत होते. माझ्या घशात काहीतरी अडकले. बाळ माझ्या हातावर होते, टाळूवरून पाणी ओघळत होते, आणि मला कळत होते की या क्षणी मी या मुलाच्या वतीने ज्याचे वचन देतो आहे ते माझ्यापाशीच नाही. मी ‘हो’ म्हटले. हळू आवाजात म्हटले. घरी आल्यावर जेवण गेले नाही.

यानंतर एखादा चमत्कार झाला, दिव्य प्रकाश दिसला, असे काही सांगण्यासारखे नाही. मी एवढेच केले की आठवड्यातून एकदा, बुधवारी, कामावरून परतताना रिकाम्या चर्चमध्ये शेवटच्या बाकावर दहा मिनिटे बसायला लागलो. पहिले काही महिने नुसताच बसत होतो. डास चावत. एकदा झोपही लागली. पण कुणी सांगितले म्हणून मी तिथे बसलेलो नाही, उठून गेलो तरी कुणाला कळणार नाही, हे लक्षात आले तेव्हा मनाला वेगळेच वाटले. लहानपणापासून ज्या वास्तूत मला बोट धरून, दंड धरून, कान धरून नेले होते, तिथे मी प्रथमच आपल्या पायांनी गेलो होतो. केव्हातरी मी त्या बाकावर ते कुंडापाशी दिलेले उत्तर पुन्हा दिले. तारीख लिहून ठेवलेली नाही.

म्हणून मुलीच्या कोऱ्या रेघा पाहून मला राग आला. आणि थोडा हेवाही वाटला.

पण प्रश्न एकट्या माझा किंवा तिचा नव्हता. वसईत श्रद्धेच्या स्वातंत्र्याची गोष्ट काढली की इतिहास पडवीत येऊन बसतो. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि त्यांच्या मागोमाग फ्रान्सिस्कन आणि जेझुइट धर्मगुरू आले. आमच्यासारखी शेकडो कुटुंबे त्या दोनशे वर्षांत ख्रिस्ती झाली. माझ्या कुठल्यातरी पूर्वजाने त्या वेळी ‘हो’ म्हटले असणार. तो कोण होता, त्याचे नाव काय होते, कशासाठी म्हटले? उपदेश पटला म्हणून? नव्या राज्यात जमीन टिकावी म्हणून? की ‘नाही’ म्हणायची सोयच नव्हती म्हणून? बोरिवलीजवळ मंडपेश्वरच्या लेण्यात पोर्तुगीजांनी चर्च केले होते, ही साधी गोष्ट त्या काळाचे वारे कोणत्या दिशेचे होते ते सांगायला पुरे आहे. गोव्यात तर १५६० पासून इन्क्विझिशनचे न्यायालय बसले. यात लपवण्यासारखे काही नाही आणि लपवूही नये. दुसऱ्या पोप जॉन पॉल यांनी १२ मार्च २००० रोजी रोममध्ये भर उपासनेत, सत्याच्या सेवेच्या नावाखाली चर्चच्या लेकरांनी जी जबरदस्ती केली तिच्याबद्दल देवाची क्षमा मागितली. मी ती बातमी वाचली तेव्हा मला आमचा तो अनामिक पूर्वज आठवला होता.

त्याच काळातला दुसरा वसईकर मात्र अनामिक नाही. संत गोन्सालो गार्सिया. वसईतल्या कॉलेजला त्याचे नाव आहे, त्यामुळे परीक्षेच्या हॉल-तिकिटावर ते सगळ्यांनी वाचलेले असते. माणूस फार थोड्यांना ठाऊक असतो. १५५७च्या सुमारास त्याचा जन्म वसईचा. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. जेझुइटांच्या शाळेत शिकला, त्यांच्याबरोबर पोरवयातच जपानला गेला, जपानी भाषा उत्तम शिकला. त्याला त्यांच्या संघात व्हायचे होते, पण ते जमले नाही. मग त्याने काय करावे? व्यापार केला. चांगला केला. मकावच्या बाजूला त्याचा जम बसला. इथे एखाद्याने म्हटले असते, देवाला विचारले, देवाने नाही म्हटले, आता आपण आपला धंदा बघावा. तो मात्र पुढे मनिलाला गेला आणि धंदा सोडून फ्रान्सिस्कन संघात साधा बंधू म्हणून दाखल झाला. १५९३ मध्ये दुभाषी म्हणून पुन्हा जपानला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर इतर पंचवीस जणांबरोबर क्रूसावर. १८६२ मध्ये त्याला संतपद मिळाले. आम्ही त्याच्या हौतात्म्याबद्दल प्रवचने ऐकत आलो आहोत. मला आताशा त्याची ती मधली, व्यापाराची वर्षे अधिक महत्त्वाची वाटतात. त्या वर्षांत त्याच्यावर कुणाचीच सक्ती नव्हती.

आणि त्या अनामिकांबद्दलही एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी वसई जिंकली. पोर्तुगीज सरदार, अंमलदार, पाद्री गलबतांत बसून निघून गेले. किल्ल्यातली चर्चे ओस पडली. चर्चांच्या घंटा मराठी सरदारांनी नेऊन देवळांना वाहिल्या. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर त्यांतली एक अजून टांगलेली आहे. आता ख्रिस्ती राहण्यात कसलाही लाभ नव्हता. काही जण परतही गेले असतील, आणि त्यांना दोष देण्याचे कारण नाही. पण बहुसंख्य राहिले. गाठीला सत्ता नाही, घंटा नाही, आणि तरी संध्याकाळी ओटीवर माळ म्हणणारी ती माणसे. आमच्या श्रद्धेची जन्मतारीख कुणी विचारली तर शाळेत १५३४ शिकवतात. माझ्या मते १७३९ हे वर्ष तिच्या अधिक जवळचे आहे. इतिहासकार याला हसतील, हसोत.

मराठी वाचकाला या बाबतीतली आपल्याकडची सर्वांत मोठी उदाहरणे सांगायला नकोत. लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण कॅथलिक पंथाचे नव्हे, पण ‘स्मृतिचित्रे’ ज्याने वाचले त्याला ठाऊक आहे की रेव्हरंड टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले म्हणून लक्ष्मीबाई त्यांच्या पाठोपाठ झाल्या नाहीत. नवऱ्याच्या मागून जाणे हाच ज्या काळात बाईचा धर्म होता त्या काळात त्यांनी स्वतःच्या मनाची खात्री पटायला पाचेक वर्षे घेतली. आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येवल्याला १९३५ साली घोषणा केली आणि नागपूरला दीक्षा घेतली ती १४ ऑक्टोबर १९५६ रोजी. मध्ये एकवीस वर्षे. आमच्या धर्मग्रामात दृढीकरणाचा वर्ग काही महिने चालतो.

आता ‘चर्च’ म्हणजे माणसाला बांधून ठेवणारी संस्था, असा एक समज आहे आणि तो अगदीच निराधार नाही. १८६४ मध्ये नववे पोप पायस यांनी त्या काळच्या ज्या मतांना चुकीची ठरवले त्यांत धर्मस्वातंत्र्याचाही समावेश होता. पण १९६२ ते १९६५ या काळात रोमला दुसरी व्हॅटिकन परिषद भरली. जगभरचे बिशप जमले. धर्मस्वातंत्र्यावरच्या जाहीरनाम्याइतकी कडाक्याची भांडणे फार थोड्या विषयांवर झाली. एका पक्षाचे म्हणणे, चुकीला हक्क कसला? दुसऱ्याचे, हक्क चुकीला नसतो, माणसाला असतो. अमेरिकेतील जेझुइट विचारवंत जॉन कोर्टनी मरे यांचा त्या मसुद्यात मोठा वाटा होता. अखेर ७ डिसेंबर १९६५ रोजी, परिषद संपायच्या आदल्या दिवशी, मतदान झाले : बाजूने २३०८, विरुद्ध ७०. श्रद्धा ही तिच्या स्वभावानेच मुक्त कृती आहे. कुणालाही बळजबरीने विश्वास ठेवायला लावता येत नाही आणि विश्वासापासून रोखताही येत नाही, हा त्या दस्तऐवजाचा गाभा. आपल्या घटनेच्या २५ व्या कलमात सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आहे, ते पंधरा वर्षे आधीचे. आपण थोडे पुढे होतो म्हणायचे.

देशात या विषयावर बोलले जाते ते सगळे धर्मात नव्याने येणाऱ्यांबद्दल. आमिष होते का, सक्ती होती का. प्रश्न योग्यच आहेत. पण जो जन्मानेच आत आहे, त्याला कोण विचारणार, की बाबा, तू स्वखुशीने आहेस ना?

गंमत म्हणजे चर्चचा कायदा हे विचारतो. १९८३ ची धर्मसंहिता मी चाळली तेव्हा आश्चर्य वाटले. धाकाने लावलेले लग्न ग्राह्य नाही. धाकाने घेतलेले संन्यासिनीचे व्रत ग्राह्य नाही. गुरुदीक्षेसाठी कुणावरही दडपण आणायचे नाही. संन्यासिनी व्हायला निघालेल्या मुलीला सतरा वर्षे पुरी होण्याआधी नवदीक्षेत घेता येत नाही. नवदीक्षा किमान बारा महिन्यांची. मग पहिले व्रत, तेही तात्पुरते, कमीत कमी तीन वर्षे. आणि एकवीस पुरी होण्याआधी आजन्म व्रत नाहीच. देवाला ‘हो’ म्हणायला निघालेल्या माणसापुढे चर्च स्वतःच एवढे उंबरठे घालते. प्रत्येकावर थांबून विचारायचे : नक्की ना?

हे मी पुस्तकातून शिकलो असे म्हटले तर खोटे होईल. माझी मोठी बहीण वयाच्या एकोणिसाव्या वर्षी कॉन्व्हेंटमध्ये गेली. सगळी वाडी निरोप द्यायला आली होती. पाच वर्षांनी, तिच्या तात्पुरत्या व्रताची मुदत संपली तेव्हा, ती एक पत्र्याची ट्रंक घेऊन परत आली. तिने काही गैर केले नव्हते. तिच्या संघाने तिला मानाने निरोप दिला होता. मुदत संपल्यावर जायला ती पूर्ण मोकळी होती. पण ते कॉन्व्हेंटला समजत होते, वाडीला नव्हते. आई त्या वर्षी एकाही लग्नाला गेली नाही. ताईशी बोलायची ती जेवायला वाढण्यापुरती. आज ताई दोन मुलांची आई आहे आणि तिच्या धर्मग्रामात दर रविवारी लहान मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेते. ती एकदा म्हणाली होती, ‘‘दार उघडं होतं म्हणून मला कळलं की मला तिथे राहायचं नाहीये. आणि देवाला सोडायचंही नाहीये.’’

तर आईचा हा स्वभाव. त्यामुळे नातीच्या कोऱ्या कागदावरून घरात काय होणार याची मला धास्ती होती.

मी आमच्या फादरना जाऊन भेटलो. तरुण आहेत, मोटारसायकलवरून फिरतात. मला वाटले होते, समजूत घालायला घरी येतो म्हणतील. त्यांनी कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, ‘‘एवढ्या वर्षांत हा प्रश्न मन लावून वाचलेली ही पहिलीच दिसते. तिला म्हणावं, वर्षभर थांब. यायचं असेल तर वर्गाला ये, नाव न घालता. मला घाई नाही.’’ मी बाहेर पडताना त्यांनी हाक मारली. ‘‘तुम्हीपण घाई करू नका हं. घाई नेहमी बापाला असते.’’

दृढीकरणाच्या दिवशी आम्ही सगळे मिस्साला गेलो. मुलगी माझ्या शेजारी बसली होती. तिच्या मैत्रिणी पुढे रांगेत. मागच्या बाकावरची कुजबुज आम्हाला ऐकू येईल इतपत मोठी होती. आई ताठ बसून होती. घरी येताना वाटेत तिने नातीचा हात धरला, तो उतारावर पडू नये म्हणून धरला असे मला वाटले.

त्यानंतर केव्हातरी पावसाळ्यात, वीज गेलेली असताना, त्या दोघी पडवीत बसल्या होत्या आणि मी आत होतो. आई बोलत होती. मला माझ्या धाकट्या भावाचे नाव ऐकू आले तेव्हा मी जागीच थांबलो. आमच्या घरात ते नाव घेतले जात नाही. तो चार वर्षांचा असताना तापाने गेला. मी तेव्हा सात वर्षांचा होतो. आई नातीला सांगत होती की तो गेला त्या रात्रीनंतर तिने सहा महिने माळ हातात घेतली नाही. घरातल्या वेदीवरची मारियामातेची तसबीर तिने भिंतीकडे तोंड करून ठेवली होती. मिस्साला जायची, लोक बघतात म्हणून. पण ओठ हलवायची नाही. सासूला कळले होते, ती काही बोलली नाही.

‘‘मग?’’ मुलीने विचारले.

‘‘मग एक दिवस संध्याकाळी दिवा लावला.’’

‘‘का?’’

बराच वेळ आईचा आवाज आला नाही. पाऊस पत्र्यावर वाजत होता. मग ती म्हणाली, ‘‘कुणी सांगितलं नव्हतं ना, म्हणून.’’

मी ती तसबीर भिंतीकडे वळलेली पाहिली असणार. सात वर्षांचे पोर घरात सगळे पाहते. पण मला काही आठवत नाही. आईला मी आयुष्यभर सवयीने भाविक समजत आलो होतो. पहाटे उठणारी, माळ ओढणारी, चारचौघींसारखी. ती कधी ‘नाही’ म्हणाली होती, सहा महिने म्हणाली होती, आणि नंतर कुणालाही न सांगता ‘हो’ म्हणाली होती, हे मला पन्नाशी उलटल्यावर भिंतीआडून कळले. मला तिने ते कधीच सांगितले नाही. ज्याने विचारले त्याला सांगितले.

मुलगी वर्षभर वर्गाला जात राहिली. कधी जाई, कधी नाही. मी विचारत नव्हतो. पत्नी विचारी आणि मग जीभ चावी. तिने बायबल वाचायला घेतले ते योबाच्या पुस्तकापासून, हे मला मधेच समजले. मी म्हटले, कुणीही सुरुवात तिथून करत नाही. ती म्हणाली, ‘‘आजीने सांगितलं.’’

या वर्षी ईस्टरच्या आदल्या रात्री आम्ही नेहमीप्रमाणे जागरणविधीला गेलो. ही आमची वर्षातली सर्वांत मोठी उपासना. चर्चमधले सगळे दिवे मालवतात. बाहेर अंगणात अग्नी पेटवून त्यावरून मोठी पास्काची मेणबत्ती लावतात आणि ती अंधारातून आत आणतात. मग तिच्यावरून एकाची मेणबत्ती, त्याच्यावरून दुसऱ्याची, असा उजेड बाकाबाकांतून सरकत जातो. आईची मेणबत्ती मी लावली, माझ्यावरून मुलीने तिची लावून घेतली. पुढे वाचने झाली, घंटा वाजल्या, आणि मग फादरनी सगळ्यांना उभे केले. या रात्री दरवर्षी साऱ्या धर्मग्रामाला स्नानसंस्काराचे तेच प्रश्न पुन्हा विचारतात. तान्ह्या बाळाला विचारलेले, दृढीकरणाला विचारलेले, तेच.

फादर एकेक प्रश्न विचारत होते. हजारभर माणसे एका आवाजात उत्तर देत होती. आईचा आवाज मला वेगळा ऐकू येत होता. वयोमानाने तो अर्धा क्षण मागे राहतो. माझ्या उजव्या बाजूला मुलगी होती. मेण तिच्या बोटांवर ओघळले असावे, तिने हात बदलला.

तिचे ओठ हलत होते की नाही, मला ठाऊक नाही. मी तिकडे पाहिले नाही.